पाचव्या भागावरचा शेरा

माझी मुलगी मैत्री लॉस एंजेलिसला कार्टून लिहिते. कार्टून म्हटलं की चिडते. "अ‍ॅनिमेटेड सीरीज म्हणा, बाबा," असं बजावते. मी इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, त्याचीच कॉफी प्यायची आणि त्याचीच खोट काढायची. या कामाचा मला सव्वीस वर्षं पगार मिळतोय. माझी बायको उपासना म्हणते, घरी हेच काम तुम्ही फुकटात करता.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मैत्रीचा फोन आला. तिच्या सीरीजचे आठही भाग जवळजवळ तयार झाले होते.

"बाबा, लिंक पाठवलीय. कोणाला फॉरवर्ड करू नका प्लीज. फक्त तुम्ही आणि आई. अँड आय वॉन्ट द फुल ऑडिट."

"फुल?"

"स्ट्रेंग्थ्स, वीकनेसेस, एव्हरीथिंग. तुमचं ते मेजर-मायनर पण. पाचवा एपिसोड मी लिहिलाय. तो या फ्रायडेला लॉक होतो, आमच्या टाइमने दुपारी बारा वाजता. त्यानंतर काहीच चेंज करता येत नाही. सो, त्याआधी सांगा."

ऑडिट हा आमच्या घरातला जुना खेळ आहे. तिच्या रिपोर्ट कार्डावर, सायन्स फेअरमधल्या ज्वालामुखीवर, एकदा तर वाढदिवसाच्या केकवरही मी रीतसर शेरे लिहिले होते. आधी बलस्थानं सांगायची, मग उणिवा. उणीव मोठी असली तर मेजर, लहान असली तर मायनर. आणि प्रत्येक उणिवेपुढे ती दुरुस्त कशी करायची तेही लिहायचं. नुसती खोट काढून पळणाऱ्याला ऑडिटर म्हणत नाहीत, शेजारी म्हणतात.

सीरीजचं नाव 'हॉल्ट'. मिशिगनमधल्याच एका तळ्याकाठच्या गावात अनिका नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. तिने तळहात वर केला की समोरून धावत येणारी कुठलीही वस्तू जागच्या जागी थांबते. ट्रक, विमानाचं चाक, बंदुकीची गोळी, काहीही. ती देशी घरातली आहे, आई नर्स आहे, वडील कामानिमित्त बरेचदा बाहेर. रविवारी मी आणि उपासनाने दोन भाग पाहिले, सोमवारी मी एकट्याने आणखी दोन. उपासना फार्मसीत काम करते आणि त्या आठवड्यात तिची संध्याकाळची शिफ्ट होती.

बलस्थानं होती, ती मी मोकळेपणाने लिहिली. बर्फ खरा काढलाय. आमच्याकडे मार्चमध्ये रस्त्याकडेला पडून राहतो तो, रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि धूळ खाऊन काळा पडलेला. खलनायक तर मला फारच आवडला. तो पुलांचा तपासनीस असतो. आयुष्यभर खरे रिपोर्ट लिहितो, ते कोणी वाचत नाही, एक दिवस पूल पडतो आणि याचं डोकं फिरतं. त्याच्या जागी मी असतो तर दुसऱ्याच भागात फिरलं असतं. हा माणूस हरू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि हेही मी बलस्थानातच घातलं.

उणिवाही भरपूर होत्या. चाळीस टनांचा ट्रक असा एकदम थांबवला तर ती सगळी ऊर्जा जाते कुठे? मी ब्रेकमधला माणूस, मला हे बघवेना. मारामाऱ्या लांबतात. आणि मारामारीच्या मधोमध पोरं थांबून एकमेकांना "मला फार एकटं वाटतंय" असं सांगतात. अरे, आधी छप्पर कोसळतंय ते बघा! प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी कोणाला तरी मिठी मारतं. हे सगळं मायनर.

मेजर एकच काढली होती, मुखवट्याची. अनिकाचा मुखवटा डोळ्यांपुरता. नाक, तोंड, केस, चाल, आवाज सगळं उघडं, आणि रोज शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण तिला ओळखत नाही. लपणं म्हणजे काय हे या लिहिणाऱ्यांना कळलेलंच नाही, असं मी म्हटलं. चेहरा झाकून काय होतं? आपल्यात माणूस पकडला जातो तो आडनावावरून, गावावरून, घरात कुठला सण होतो त्यावरून. या विषयातलं माझं ज्ञान कुठल्याही सुपरहीरोपेक्षा जास्त आहे.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो, पोहे गरम केले आणि ताटली घेऊन पाचव्या भागाला बसलो.

चौदाव्या मिनिटाला अनिका कुठली तरी बस थांबवून घरी येते. गुडघा फुटलाय. मागच्या दाराने गुपचूप आत शिरते आणि हॉलच्या दारात थबकते. तिची आई स्टुलावर चढून भिंतीवरचा एक मोठा फोटो काढत असते. फोटो कोणाचा ते दिसत नाही, आपल्याला नुसती फ्रेमची मागची बाजू दिसते, खाकी कागद आणि तार. आई तो फोटो छातीशी धरून बेडरूममध्ये नेते. परत येते आणि त्याच खिळ्यावर दुसरं चित्र टांगते. ग्रँड कॅनियनचं. सोनेरी फ्रेम, तिचा खालचा उजवा कोपरा टवका उडालेला. बेल वाजते. आई चेहऱ्यावर हसू आणून दार उघडते आणि "या, या!" म्हणते. अनिका हातातला मुखवटा खिशात घालते. संपलं. चाळीस सेकंद, संगीत नाही, त्या "या, या"शिवाय एक शब्द नाही.

माझे पोहे गार झाले. मी टीव्ही बंद केला आणि वर पाहिलं. आमच्या हॉलमध्ये त्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. आणि टवका उडालेल्या सोनेरी फ्रेमचं ग्रँड कॅनियन आमच्याच बेडरूममध्ये कपाटामागे उभं आहे. मराठी पाहुणे यायचे असले की मी स्टुलावर चढतो, फोटो आत नेतो आणि कॅनियन बाहेर टांगतो. दोन दशकं झाली.

हे का, ते सांगतो, नाहीतर तुम्ही मला नुसता भित्रा म्हणाल. आम्ही बौद्ध, वर्धा जिल्ह्यातले. आडनाव देवळीकर. माझ्या वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव लावलं, त्यामुळे आडनावावरून चटकन अंदाज येत नाही. मैत्री पाच वर्षांची असताना इथल्या तीन मराठी कुटुंबांनी मिळून रविवारच्या मराठी वर्गाला मुलांना आळीपाळीने गाडीने न्यायचं ठरवलं. त्यातल्या एक बाई चहाला आल्या. हॉलमधला फोटो पाहिला, चहा अर्धा ठेवला आणि दोन दिवसांनी फोन केला, "आमची गाडी आता जरा लहान पडतेय हो." त्या रविवारी मैत्री दप्तर पाठीला लावून अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसून होती. तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी घर बदललं, ओळखी नव्या झाल्या, आणि मी एका गराज सेलमधून, म्हणजे कोणाच्या तरी जुन्या सामानातून, तीन डॉलरला ग्रँड कॅनियन आणलं.

तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. इथल्या प्रत्येक मराठी माणसाने आमच्या घरी त्या कॅनियनखाली बसून श्रीखंड खाल्लंय. आमच्या मित्राने, श्रीरामने, तर एकदा त्याच्यासमोर उभं राहून त्या टवक्याची चेष्टाही केली होती. हे सगळे लोक आता मैत्रीची सीरीज बघणार. आपल्या ट्रॉयची मुलगी म्हणून मुलाबाळांना घेऊन बघणार.

त्यांचं एक वेळ सोडा. दर चौदा एप्रिलला आपल्या लोकांचा कार्यक्रम होतो, तिथे मी पहिल्या रांगेत असतो. दोनदा भाषण केलंय. तेही बघणार. स्वतःच्या घरात बाबासाहेबांना आत नेऊन ठेवणारा माणूस माइकवर काय काय बोलून गेला, ते आठवून बघणार. हा विचार आला तेव्हा मला बसवेना. हॉलमधून स्वयंपाकघरात गेलो, तिथून गराजमध्ये, परत हॉलमध्ये. भांडी घासली, वाळलेली भांडी पुन्हा घासली.

मग लॅपटॉप उघडला आणि लिहिलं: "भाग पाच, मिनिट चौदा. कथेची गती मंदावते. मेजर. दुरुस्ती: सीन काढावा." आणि पाठवून दिलं. सव्वीस वर्षांत मी ऑडिटमध्ये कधी खोटं लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं ते पोटच्या पोरीच्या कामावर.

बुधवारी सकाळी तिचं एका ओळीचं उत्तर आलं. "इज दॅट द रिअल रीझन, बाबा?" मी उत्तर दिलं नाही. दिवसभरात ती ओळ पन्नास वेळा वाचली. एका सप्लायरच्या मीटिंगमध्ये मला कोणीतरी प्रश्न विचारला आणि मी त्याला "शुक्रवार" असं उत्तर दिलं.

संध्याकाळी उपासनाला सुट्टी होती. तिच्याशी बोलायचं धाडस होईना म्हणून मी तिला नुसता पाचवा भाग लावून दिला आणि मागे उभा राहिलो. चौदावं मिनिट आलं, गेलं. तिने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, घाबरली असेल. मी सांत्वनाच्या तयारीत होतो.

"ही मी आहे?" ती म्हणाली.

"अगं, ते महत्त्वाचं नाही. ते कॅनियन—"

"कॅनियन गेलं खड्ड्यात! स्टुलावर मी आहे? मी? वीस वर्षांत मी त्या फोटोला पुसण्यापलीकडे हात लावला नाही. तुम्ही काढता, तुम्ही लावता. मी पहिल्या दिवसापासून नको म्हणतेय. आणि आता सगळ्या जगाला दिसणार काय, तर मी चोरासारखी फोटो आत नेतेय?"

"मी तिला सीन काढायला सांगितलंय," मी म्हटलं.

"कशासाठी? माझ्यासाठी?"

ती उठली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या रात्री पोळ्या फार पातळ झाल्या होत्या. खरं सांगतो, स्टुलावर आई आहे, बाप नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं मला ते चित्र आणि तो टवका तेवढा दिसला. खोट काढणं हा ज्याचा धंदा, त्याला सगळ्यात मोठी खोट दिसली नाही. दिसली असती तर बरंच वाटलं असतं, हेही मी ओळखून आहे.

आणि नेमके गुरुवारी संध्याकाळी श्रीराम आणि त्याची बायको विनीता यायचे होते. ते पुण्याचे, पलीकडच्या वसाहतीत राहतात. मंडळाच्या गणपतीच्या जेवणासाठी आमचं चाळीस माणसांचं पातेलं न्यायला येणार होते. सहा वाजता मी स्टूल आणलं. उपासना टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होती. दोन दिवसांपूर्वी हेच मी टीव्हीवर बघितलं होतं, तरी माझे हात थांबले नाहीत. फोटो उतरवला, आत गादीवर ठेवला, कॅनियन टांगलं.

"तिरकं लागलंय," उपासना म्हणाली.

मी सरळ केलं.

पाहुणे आले, चहा झाला. श्रीराम सीरीजची चौकशी करत होता. "लिंक तरी दे यार, आम्ही काय पायरसी करणार आहोत?" मी हसून टाळलं. विनीता या वर्षी पहिल्यांदा घरी गौरी बसवणार होती, त्याच गडबडीत होती.

"उपासना, तू मला साडी नेसवायला ये हं. तुमच्याकडे मुखवट्यांच्याच ना गौरी?"

हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, गौरी मुखवट्यांच्या की खड्यांच्या, हे प्रश्न आपली माणसं सहज विचारतात आणि उत्तरावरून माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते ठरवतात. आमच्या वर्ध्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात इथपर्यंत अभ्यास मी करून ठेवला होता. पण बहुतेक वेळा उत्तर द्यायची उपासना. ती काहीतरी हसून विषय बदलायची. त्या दिवशी तिने कप उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो, मुखवट्यांच्या," मी म्हटलं.

"अय्या, मागे तर तुम्ही खड्यांच्या म्हणाला होतात! मी म्हटलंसुद्धा, बरंय बाई, सुटसुटीत."

"खड्यांच्या म्हणजे... आईकडच्या खड्यांच्या. वडिलांकडच्या..." श्रीराम माझ्याकडे आता जरा निरखून बघत होता, की मलाच तसं वाटत होतं.

उपासनाने कप खाली ठेवला. "आमच्याकडे गौरी नसतात, विनीता. आम्ही बौद्ध आहोत."

तिचा आवाज अगदी साधा होता, औषध जेवणानंतर घ्या म्हणून सांगावं तसा. विनीता "अच्छा" म्हणाली. मग पुन्हा एकदा "अच्छा, अच्छा" म्हणाली. श्रीराम गरजेपेक्षा मोठ्याने बोलला, "अरे, मग त्यात काय एवढं! आपण कुठे असलं काही मानतो, यार!" त्यानंतर तो पाऊण तास अमेरिकेतल्या शाळांबद्दल बोलायला हवा होता, नेहमी बोलतो. पाचच मिनिटांत दोघं उठले. पातेलं दाराशी काढून ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं. विसरले की ठेवून गेले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोन येईल म्हणून मी साडेनऊपर्यंत वाट पाहिली.

शुक्रवारी सकाळपासून डोकं बधिर होतं. एक गोष्ट मात्र हळूहळू स्पष्ट होत गेली. आम्ही कोण, हे आता लपलेलं नव्हतं. दुपारपर्यंत ते दहा घरांत पोचलं असणार, आणि आश्चर्य म्हणजे मी अजून उभा होतो, ईमेलना उत्तरं देत होतो. म्हणजे मला त्याची भीती नव्हतीच म्हणायची. भीती होती ती स्टुलाची. स्टुलावर कोण चढतो, हे कोणाला कळू नये, एवढंच आता मला झाकायचं होतं. त्यासाठी बायकोच्या माथी खापर फुटलं तरी मला चाललं होतं. दोन दिवस चाललं होतं. मला माझी शिसारी आली.

अडीच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेअकरा. मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसलो आणि फोन लावला.

"बाबा! मी मीटिंगमध्ये... होल्ड ऑन, बाहेर येते." दाराचा आवाज आला. "बोला."

"मी पाठवलेला शेरा खोटा आहे. गती वगैरे काही मंदावत नाही. मी पाहिलेल्या पाच भागांत खरा मुखवटा त्या एकाच सीनमध्ये आहे. ते बलस्थान आहे. लिहून घे."

"हं," ती म्हणाली.

"आणि उणीव आहे. मेजर. स्टुलावर चुकीचा माणूस आहे. आईने कधीच फोटो काढला नाही. मी काढायचो. काल पण काढला, तुझा सीन बघितल्यावर. तिथे बाप पाहिजे."

"आय नो, बाबा." तिचा आवाज बारीक झाला. "फर्स्ट ड्राफ्टमध्ये बाबाच होते. रायटर्स रूममध्ये सगळे म्हणाले, ऑडियन्स विल हेट दिस डॅड. एक जण म्हणाला, व्हॉट अ कावर्ड. आणि ते तुमच्याबद्दल बोलत होते. दे डिडन्ट नो, पण मला तर माहीत होतं ना? मला ते ऐकवेना. म्हणून मी आईला दिलं. आईवर कोणी चिडत नाही, शी गेट्स अवे विथ इट. सगळ्यांना तो सीन लगेच आवडला."

"आईला नाही आवडला."

"ओह गॉड. आईने बघितला?"

"पोळ्या लाटल्या तिने त्यानंतर. मैत्री, मी ते तुझ्यासाठी केलं होतं. तुला गाडीत जागा मिळावी म्हणून. पण नंतर तू ड्राइव्ह करायला लागलीस, कॉलेजला गेलीस, आणि मी करतच राहिलो. ते कोणासाठी, ते मला सांगता येणार नाही. तू बापाला परत घाल."

"बाबा, चित्र आता चेंज नाही होणार. अ‍ॅनिमेशन झालंय. एकतर पूर्ण सीन कट करायचा, नाहीतर आहे तसा ठेवायचा. पण साउंड अजून ओपन आहे. ऑफस्क्रीन एक लाइन घालता येईल. आई स्टुलावर असताना दुसऱ्या खोलीतून बाबांचा आवाज. मग कळेल की हे कोण करायला लावतंय. वेट, मी आमच्या प्रोड्यूसरला विचारून येते."

मी वाट पाहत बसलो. समोरून ऑफिसातली माणसं उशिराचं जेवण करून परत येत होती, एकाने हात केला, मीही केला. घड्याळात पावणेतीन झाले. उपासनाला आधी विचारावं का, असं वाटलं आणि लगेच कळलं की ती काय म्हणेल. ती म्हणेल, मला काय विचारता, तुमचा आवाज आहे.

"बाबा? शी सेड येस, पण मला दहा मिनिटांत पाहिजे. आणि आत्ता मराठी बोलणारा अ‍ॅक्टर कुठून आणू? तुम्हीच बोला. फोनवर रेकॉर्ड करते, दुसऱ्या खोलीतूनच येतोय आवाज, चालेल. खिडक्या बंद करा. तुम्ही तेव्हा काय म्हणायचात?"

मला आठवावं लागलं नाही. मैत्री घरी होती तोवर ते वाक्य मी बोलत आलो होतो, फक्त आमच्या चार भिंतींत. आता ते कोणाच्याही हॉलमध्ये ऐकू येणार होतं. आवाज ओळखणारे शंभर तरी लोक होते.

"अनिका," मी म्हटलं, "ते चित्र घेऊन ये. पाहुणे आलेत."

"खूप हळू, बाबा. यू साउंड लाइक द न्यूज. घरी असं नव्हतं."

पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, यात दम नाही. तिसऱ्यांदा म्हटलं आणि मध्येच खोकला आला.

"सहा मिनिटं आहेत. बाबा, तुम्ही हॉलमधून, स्टुलावरून ओरडायचात. आठवा ना. गाडी ड्राइव्हवेमध्ये आलीय, त्यांचे दरवाजे लागलेत, आणि अजून भिंत तशीच आहे."

मी डोळे मिटले. गाडीचे दरवाजे लागल्याचे दोन आवाज मला खरोखर ऐकू आले. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी लावले असतील. आणि माझ्या पोटातून तो जुना आवाज निघाला, घाईचा, दबलेला, घाबरलेला आणि त्या घाबरण्याचाच राग आलेला.

"मैत्री! आण लवकर ते! आले ना लोक!"

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चुकलं," मी म्हटलं. "अनिका म्हणायचं होतं. परत घेऊ?"

"नको. नाव कापता येतं." ती श्वास घेत होती, तो मला इथवर ऐकू येत होता. "बाबा, मी उठून उभी राहिलेय."

"कशाला?"

"आय डोन्ट नो. तुम्ही हाक मारली. मी खुर्चीतून उठले आणि दाराकडे निघाले. मी ते चित्र आणायला निघाले, बाबा."

तीन वाजायला चार मिनिटं होती. तिला ते पुढे पाठवायचं होतं, मला वर मीटिंगला जायचं होतं.

"बस, बेटा," मी म्हटलं. "कोणी येत नाहीये. बस खाली."